आयडेलाच्या नावावरची तक्रार

मिलवॉकी
रविवार, १२ फेब्रुवारी २०१७

नोएमी,

पहाटे तीनला बेकरीत गेलो. माय सी आधीच आली होती. पहिली आणि दुसरी भट्टी चालू आहे, तिसरी अजून बंदच आहे. राय धान्याचे एकशे चाळीस पाव झाले, गव्हाचे दोनशे दहा. अकराला सुटलो. घरी येऊन पायऱ्यांवरचे बर्फ झाडले. दोन वाजता परत गेलो, कारण आपल्या गटाची बैठक होती. पिठाच्या कोठारात, नेहमीच्या जागी. आठ जण होतो. आयडेलाच्या जागी मला प्रमुख केले. मी नको म्हणालो, पण दुसऱ्या कोणी हात वर केला नाही.

बैठकीत तुझे पत्र वाचले. तू २४ जानेवारीला आपल्या सहकारी बेकरीच्या संचालक मंडळाला पाठवलेस ते. अध्यक्ष लॉइस ब्रॉयरने त्याच्या प्रती काढून एकेचाळीस सभासदांच्या कप्प्यांत ठेवल्या आहेत. तू लिहितेस की आयडेलाने श्वेतेतर सभासदांच्या गटाचे प्रमुखपद वापरून तुझ्यावर वैयक्तिक राग काढला आणि तुला बेकरी सोडायला लावली.

आयडेला ३ जानेवारीला गेली. तू एकवीस दिवसांनी हे लिहिलेस. अंत्यविधीला आली नाहीस, दोन ओळी पाठवल्या नाहीस, हे पाठवलेस.

तुझ्या पत्राच्या आधारावर १९ मार्चच्या सर्वसाधारण सभेपुढे दोन ठराव आले आहेत. पहिला, गटाने तक्रार आणली तरी मूळ तक्रारदाराचे नाव सभेत सांगायचे, नाहीतर तक्रार घ्यायची नाही. दुसरा, ऑक्टोबरची तक्रार म्हणजे आयडेला ग्रीअर यांचे वैयक्तिक वैर होते, अशी इतिवृत्तात दुरुस्ती करायची.

गटाची रीत तुला मी सांगायला नको. ज्याला त्रास झाला त्याने प्रमुखाला एकट्याला गाठून सांगायचे. प्रमुखाने सभेत उभे राहून 'माझी तक्रार आहे' म्हणायचे. कोणाची, हे पुन्हा कधी उच्चारायचे नाही. आयडेलाने नऊ वर्षांत अशा सतरा तक्रारी स्वतःच्या म्हणून मांडल्या. अर्धी बेकरी तिला भांडकुदळ म्हणायची. घरी ती दुधवाल्याशीही भांडली नाही.

नावे सांगावी लागली तर उद्यापासून गटाकडे कोणी येणार नाही. आणि ती कायमची भांडकुदळ म्हणून नोंदली जाईल.

पत्र मागे घे. उत्तर कागदावर दे. आपल्या ईमेल एकदा मंडळापर्यंत पोचल्या होत्या, ते विसरली नसशील.

थर्मन ग्रीअर


लोरेन, ओहायो
२० फेब्रुवारी

श्री. ग्रीअर,

इतकी वर्षं मी तुम्हाला अरे-तुरे करत आले. ते आता पुरे.

आयडेला गेल्याचं माझ्या मारिसेलनं फोनवर सांगितलं.  पण त्यामुळे ऑक्टोबरमध्ये झालं ते झालं नाही असं होत नाही.

सभेच्या आदल्या गुरुवारी ती माझ्याकडे जेवायला होती. तुरीचे दाणे घालून केलेला भात तिनं दोनदा घेतला. खालची खरपुडी पण मागून घेतली. म्हणाली, "नोएमी, बेकरी बंद पडली तर तू हा भात विक, मी रांगेत उभी राहीन." आणि रविवारी चाळीस माणसांसमोर उठून म्हणाली, "पहाटे तीनच्या रविवारच्या शिफ्टला सहा वर्षं तेच चार जण आहेत. चौघांत एकही गोरा नाही. वेळापत्रक नोएमी बारेरा लिहिते. माझी तक्रार आहे."

माझी. नऊ वर्षांत तिला एक रविवार लागला नाही. तिला काय त्रास होता?

वेळापत्रक मी कसं लिहायची ते तुम्हाला माहीत नाही. लॉइस दर सोमवारी कॉफी घेऊन यायची. "नोएमी, या रविवारी नातवंडं येणार आहेत गं." केंटची सायकलची सहल. कुणाची पाठ, कुणाचा कुत्रा. नाही म्हटलं की "नोएमी फार कडक झाली." उरले कोण, तर जे मागायला येत नाहीत ते. मी काय त्यांचा रंग बघून लिहीत होते?

सभेनंतर लॉइसनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू मुद्दाम केलं नाहीस हे आम्हाला ठाऊक आहे," म्हणाली. जिच्यासाठी केलं तिनंच मला माफ केलं, आणि तिच्या बाजूच्या पंधरा माणसांनी मान डोलावली. त्यानंतर मी तिथे महिनाभर काम केलं. कसं केलं ते माझं मला माहीत.

पत्र मागे घेणार नाही. तक्रार दुसऱ्या कुणाची होती तर नाव सांगा. त्या कोठारात मीही आठ वर्षं गोणीवर बसले. समोर बसलेल्यांपैकी एकानंही माझ्या तोंडावर काही म्हटलं नाही. तुम्हीपण नाही.

नोएमी बारेरा


मिलवॉकी
रविवार, २६ फेब्रुवारी

नोएमी,

आज शिफ्ट तीन ते अकरा. नंतर तिसरी भट्टी बघायला माणूस आला. त्याला सुटा भाग मिळत नाही. चार वाजता घरी आलो.

तुला नाव पाहिजे. मला ते माहीत नाही. चौतीस वर्षे आम्ही एका टेबलावर जेवलो, पण गटातले ती घरी आणत नसे आणि मी विचारत नसे. तिने सांगितले असते तरी तुला कळवले नसते.

तिने आधी तुझ्याकडे येऊन बोलायला हवे होते, हे मला पटते. तिने तसे का केले नाही ते मला माहीत नाही. तेवढ्यापुरती तिची चूक धर.

बाकी तुझे म्हणणे मान्य करता येत नाही. लॉइस कॉफी घेऊन आली, तू हो म्हणालीस. आम्ही चौघे कॉफी घेऊन आलो नाही, म्हणून आम्ही उठलो. सहा वर्षे. रंग बघून लिहिले नाहीस हे खरे असेल. कागदावर मात्र तोच उमटला. तू आमच्यातली होतीस, म्हणून त्यांना ते तुझ्या हातून करून घेणे सोपे गेले. हे तुला कोठारात कोणी म्हटले नाही कारण तू सगळ्यांना आवडत होतीस. मी आता म्हणतो आहे, कारण आता तसे उरलेले नाही.

परवा लॉइस माझ्या टेबलाशी आली. मी कणकेचे गोळे करत होतो. म्हणाली, "थर्मन, तू काही तिच्यासारखा नाहीस. तू शांत आहेस. तू हे मिटवशील."

मी म्हणालो, "मी शांत नाही. मला बोलायला वेळ लागतो."

"वेळ घे की. १९ तारखेपर्यंत आहे," ती म्हणाली आणि माझ्याच टेबलावरचा पाव उचलून घेऊन गेली.

तू त्या बाईच्या हातात कागद दिला आहेस. मागे घे.

थर्मन ग्रीअर


लोरेन
४ मार्च

श्री. ग्रीअर,

कोठारात मला कुणी बोललं नाही कारण मी आवडत होते, असं तुम्ही लिहिता. आवडत्या माणसाला तुमच्याकडे असंच वागवत असतील.

मी विचार केला. चौघांची नावं मला पाठ आहेत, मीच लिहायची. तुम्ही, माय सी, कॉर्नेल आणि माझी मारिसेल. कॉर्नेल सांगतो तर सगळ्या गावाला सांगतो, तो नव्हे. तुम्ही स्वतः म्हणता तुम्हाला माहीत नाही. राहिली माय सी. नेहमी हसायची. "नोएमी, काही हरकत नाही, मी येते." त्या हसण्यात काय होतं ते आता कळतंय.

मी लॉइसला फोन करून माय सीचं नाव सांगणार आहे. सभेत तिला उभं करून विचारू दे.

आणि चौथं नाव माझ्या पोरीचं होतं, हे तुमच्यातलं कुणी बोलत का नाही? पोटच्या पोरीला मी सोडलं नाही. तीनदा आली होती माझ्याकडे, "आई, सोमवारी कॉलेजात परीक्षा असते, रविवार बदल." मी म्हटलं, तुला सोडलं तर उद्या म्हणतील आईनं मुलीला सोडलं. यापेक्षा न्यायानं कोण वागतं?

तिला परवा विचारलं, तुला काही ठाऊक आहे का. म्हणाली नाही, आणि फोन ठेवला. माझ्या मुलीचंही तोंड तुम्ही लोकांनी बंद केलंय.

नोएमी बारेरा


(थर्मनच्या एप्रनच्या खिशात मिळालेला कागद)

७ मार्च

पाद्रिनो,

बाप्तिस्म्याला तुम्ही मला हातात धरून माझे धर्मपिता झालात म्हणून तुम्हाला पाद्रिनो म्हणत आले. हे वाचल्यावर म्हणू द्याल की नाही माहीत नाही.

तक्रार माझी होती. सप्टेंबरमध्ये मी आयडेला माद्रिनाला सांगितली. आईला तीनदा विचारून झालं होतं. नर्सिंगच्या दोन परीक्षांत नापास झाले होते, तेही आईला सांगितलं नव्हतं. मला वाटलं वेळापत्रक बदलेल, बाकी काही होणार नाही.

माद्रिना म्हणाली, "आधी तुझ्या आईशी बोलते." मी म्हटलं, नको, तुम्ही तिच्या स्वयंपाकघरात बसून बोललात तर तिला लगेच कळेल, मी शेजारच्या खोलीत असते, माझ्या तोंडावर दिसेल. ती त्या गुरुवारी बोलायलाच आली होती. मी दारातून मान हलवली. मग ती नुसती जेवून गेली.

सभेच्या आधी मला म्हणाली, "मी माझी म्हणेन. तू खाली बघून बस." मी खाली बघून बसले. आई गाव सोडून गेली तेव्हा पण. माद्रिनाला पुरलं तेव्हा पण.

आईला सांगू नका. ती तिथे मावशीच्या घरी कुणाशी बोलत नाही. फक्त माझ्याशी बोलते. पण माय सीचं नाव येऊ देऊ नका. काय करायचं ते मला कळत नाही.

मारिसेल


८ मार्च

मारिसेल,

कागद वाचला आणि भट्टीत टाकला.

मी तुझ्यावर रागावलो आहे. तुला ते दुसऱ्या कोणाकडून कळू नये म्हणून लिहितो. आयडेलाने तुझ्यासाठी जिवाभावाची मैत्रीण घालवली. शेवटचे दोन महिने ती फोन वाजला की बघायची आणि परत ठेवायची. मला वाटायचे तब्येतीमुळे.

नाव सांगणार नाही. ते माझ्या रागावर अवलंबून नाही.

सभेत नाव विचारतील तेव्हा मी लगेच बोलणार नाही. थोडा थांबेन. तुला हात वर करायचा असेल तर तेव्हा कर. केला नाहीस तर मी माझ्या पद्धतीने बोलेन आणि मग तो विषय आपल्या दोघांत संपला.

थर्मन


मिलवॉकी
सोमवार, २० मार्च

नोएमी,

काल शिफ्ट तीन ते अकरा. एक वाजता दुकानाच्या पुढच्या भागात सभा झाली. एकोणचाळीस हजर. लॉइस अध्यक्ष होती, विणकाम घेऊन बसली होती. इतिवृत्त तुलाही येईल, कारण पत्र तुझे होते. त्याआधी माझ्याकडून कळावे म्हणून झाले तसे लिहितो.

लॉइस म्हणाली, "थर्मन, ही चौकशी नाही हं. आपण सगळी एका घरची माणसं."

माय सी म्हणाली, "घरच्या माणसांना पहाटे तीनला कोण उठवतं?"

काही जण हसले. केंट हसला नाही. "नोएमीचा फोन आला होता. ती म्हणते तक्रार माय सीची. खरं का, माय सी?"

"माझी असती तर आयडेलाला कशाला त्रास दिला असता? तुलाच सांगितलं असतं, केंट. तू दर सोमवारी सायकलवरून कुठल्या तळ्यावर गेलास ते ऐकवतोस ना, तेव्हाच सांगितलं असतं."

"मग कोणाची?"

"तुझी नव्हती एवढं नक्की," कॉर्नेल मागून म्हणाला.

लॉइसने विणकाम मांडीवर ठेवले. "थर्मन, सांगून टाक. नाहीतर दुसरा ठराव आहे तसाच मताला टाकावा लागेल. मला काय ते आवडेल?"

मी थांबलो. लोकांनी खुर्च्या हलवल्या. कोणी हात वर केला नाही.

मग मी सांगितले की तक्रार माझी होती. सहा वर्षे रविवारी मी उठत होतो, मला ते नको झाले होते, मी आयडेलाला सांगितले, तिने रीतीप्रमाणे मांडली.

केंट म्हणाला, "म्हणजे नवऱ्याला झोपायला मिळावं म्हणून बायकोनं गट वापरला."

"केंट, असं बोलू नये," लॉइस म्हणाली. आणि इतिवृत्त लिहिणाऱ्याकडे वळून, "तेच लिही, पण जरा बऱ्या शब्दांत."

बरे शब्द असे आहेत: 'आयडेला ग्रीअर यांनी पती थर्मन ग्रीअर यांच्या सोयीसाठी आणलेली तक्रार.' ठराव मंजूर झाला. तक्रारदाराचे नाव सांगण्याचा नियमही मंजूर झाला, सव्वीस विरुद्ध तेरा.

मी हात वर केला. म्हणालो, नियम झाला, आता नियमाप्रमाणे पहिली तक्रार घ्या. नोएमीनंतर वेळापत्रक लॉइस लिहिते. नोव्हेंबर-डिसेंबर बरे गेले. जानेवारीपासून रविवारी पुन्हा तेच चार जण आहेत. तक्रारदार, थर्मन ग्रीअर.

लॉइस म्हणाली, "अरे, ते काही दिवसांपुरतं होतं."

"दुसरी. हात धुवायच्या जागी 'इथे इंग्रजीतच बोला' असा कागद लावला आहे. तक्रारदार, थर्मन ग्रीअर."

केंट म्हणाला, "तुला तर इंग्रजीच येतं."

"म्हणून तर मला वाचता आला."

"थर्मन," लॉइस म्हणाली, "या सगळ्या तुझ्याच तक्रारी आहेत असं आम्ही मानायचं?"

"हो."

"आणि पुढच्या महिन्यातल्या?"

"त्याही. नियमाला नाव पाहिजे. नाव आहे. लिहून घ्या."

तिने विणकाम पुन्हा उचलले. मग म्हणाली, "मी तुला शांत समजत होते."  लिहिणाऱ्याने दोन्ही तक्रारी लिहून घेतल्या.

हे तुझ्या घरी येऊन तोंडावर सांगायला हवे होते. ते झाले नाही. माय सीचे नाव तू चुकीचे घेतलेस. तिची माफी माग.

थर्मन ग्रीअर


लोरेन
२७ मार्च

श्री. ग्रीअर,

तर ते तुम्ही होता.

'मला नाव माहीत नाही.' तुमच्याच हातचं पत्र माझ्यासमोर आहे. त्यात बायकोच्या नावानं शपथ घेतल्यासारखं लिहिलंय, चौतीस वर्षं एका टेबलावर जेवलो वगैरे. तुम्ही माझ्या सिंकखाली उताणे पडून पाइप बसवलात, मी वरून पाने देत होते, तासभर. तेव्हा सांगता आलं असतं. "नोएमी, रविवार नको." मी त्याच आठवड्यात बदलला असता. देवाशपथ बदलला असता. लॉइसला नाही म्हणाले असते.

पण तुम्ही बायकोला पुढे केलंत. तिनं उभं राहायचं, तिनं शिव्या खायच्या, आणि तुम्ही मागच्या रांगेत हाताची घडी घालून. माझ्याकडे ती जेवायला आली तेव्हा तिच्या मनात काय चाललं असेल. भात दोनदा घेतला, बोलायचं राहून गेलं. आता मला कळतंय ती का गप्प होती. नवऱ्याचं गाऱ्हाणं मैत्रिणीच्या ताटावर कसं ठेवणार.

तिच्यावरचा माझा राग गेला. हे तिला सांगायला मिळालं नाही, ते तुमच्यामुळे. नोव्हेंबरात तिचे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. तेही तुमच्यामुळे.

आज मंडळाला लिहिलंय की आयडेला ग्रीअरबद्दल मी लिहिलेला शब्द न् शब्द मागे घेते, आणि ती मला भेटलेल्या माणसांत सगळ्यात सरळ होती, हे इतिवृत्तात घालावं. खाली तुमच्याबद्दल लिहिलंय. तेही घालावं म्हटलंय. माय सीला वेगळी चिठ्ठी टाकली.

मारिसेलला सांगितलं, त्या माणसाला पुन्हा पाद्रिनो म्हणायचं नाही. पोर फोनवर इतकी रडली की मला तिला गप्प करता येईना. तिचा तुमच्यावर जीव होता. तोही तुम्ही घालवलात.

मला पुन्हा लिहू नका.

नोएमी बारेरा


मिलवॉकी
सोमवार, ३ एप्रिल

नोएमी,

लिहू नका म्हणालीस. ही फक्त पोच आहे.

आज सहा ते दोन काम केले. तिसरी भट्टी सुरू झाली. पाव एका बाजूने जास्त भाजतात, फिरवावे लागतात. अडीचला मंडळाची बैठक झाली. तुझे पत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत वाचून दाखवले. आयडेलाबद्दलचे इतिवृत्तात घेतले, तुझ्याच शब्दांत. माझ्याबद्दलचेही घेतले. काही शब्द कसे लिहायचे हे लिहिणाऱ्याने मला विचारले, मी सांगितले.

माय सीला तुझी चिठ्ठी मिळाली. तिने ती एप्रनमध्ये ठेवली आहे.

या महिन्यात रविवारी लॉइस, केंट आणि आणखी दोघे आहेत. काल केंटने दोन ट्रे पाव करपवले. कॉर्नेलने त्यातला एक पाव त्याच्या सायकलीला बांधून ठेवला होता.

इंग्रजीचा कागद काढला. गटाकडे गेल्या आठवड्यात दोन माणसे येऊन गेली.

मारिसेलला सोमवारी दुपारची शिफ्ट मिळाली आहे. मी सुटतो तेव्हा ती येते, दारात गाठ पडते. ती मला श्री. ग्रीअर म्हणते. ती परीक्षा पास झाली, हे तिने तुला सांगितले असेल.

मी आयडेलाला पुढे केले, असे तू लिहिलेस. ते तसेच असू दे. तिच्याबद्दल जे लिहिलेस ते वाचले. दोनदा वाचले.

उद्या मंगळवार, कचऱ्याची गाडी सकाळी येते. हे लिहायचे थांबवून डबा मागच्या अंगणातून ढकलत रस्त्याच्या कडेला नेला, चाके घराकडे करून ठेवला, झाकण नीट बसवले आणि आत येऊन हात धुतले.

थर्मन ग्रीअर